लडाखला जायचं, पण कधी?

बचत गटाची भिशी फुटली की सहलीचा विषय निघतोच. पंढरपूर झालं, तुळजापूर झालं, आता हिमालय पाहू, असं बऱ्याच गटांत ऐकू येतं. म्हणून आजच्या गप्पा लडाखच्या. तिथं कोणत्या महिन्यात जावं, हा प्रश्न आजचा नाही. त्यानं माणसं तारली आहेत आणि मारलीही आहेत.

आधी जागा समजून घेऊ. आपलं कळसूबाई शिखर १,६४६ मीटर उंच. लेह हे गावच सुमारे ३,५०० मीटरवर वसलेलं. म्हणजे एका कळसूबाईवर दुसरी ठेवली, तरी लेह वरच राहील. ढग हिमालयाच्या अलीकडेच रिते होतात, त्यामुळे तिथं वर्षाला जेमतेम चार इंच पाऊस. शेती सगळी वितळलेल्या बर्फाच्या पाण्यावर.

जुन्या काळी लेहच्या बाजारात काश्मीर, पंजाब आणि थेट यारकंदहून व्यापारी येत. पश्मिना लोकर, चहा, रेशीम, नीळ असा माल उतरे. हे सारं उन्हाळ्यात चाले, कारण बर्फ पडलं की खिंडी बंद. ज्याचा हिशोब चुकला तो अडकला.

असा हिशोब चुकला सेनापती जोरावरसिंगांचा. १८३४ साली त्यांनी लडाखवर स्वारी केली. १८४१ च्या उन्हाळ्यात ते पुढे तिबेटात शिरले आणि मानसरोवराच्या पलीकडे गेले. पण परतायच्या आत हिवाळा आला. सैनिकांची बोटं गारठून झडली. ऊब मिळावी म्हणून त्यांनी बंदुकांचे लाकडी दस्ते जाळले. डिसेंबरात लढाई झाली, तीत जोरावरसिंग पडले. शत्रूइतकाच महिनाही वैरी ठरला.

मग उन्हाळा तरी बिनघोर का? तेही नाही. १८८९ साली इझाबेला बर्ड नावाची इंग्रज बाई घोड्यावरून लडाखला गेली. वय पन्नाशीच्या पुढे. ऐन उन्हाळ्यात बर्फ वितळून श्योक नदी फुगलेली होती. पाणी ओलांडताना घोडा उलटला आणि बुडाला. बाई वाचल्या, पण बरगडी मोडली. तरी प्रवास पुरा करून त्यांनी पुस्तक लिहिलं. आपल्या काळातही ५ ऑगस्ट २०१० च्या रात्री लेहवर ढगफुटी झाली. मातीच्या घरांवर चिखलाचे लोट आले, दोनशेवर माणसं गेली.

झंस्कर खोऱ्याचं गणित मात्र उलटं. हिवाळ्यात खिंडी मिटल्या की तिथली नदी गोठते आणि गोठलेली नदीच रस्ता होते. त्याला ‘चादर’ म्हणतात. जानेवारी-फेब्रुवारीत लोक त्या बर्फावरून चालत लोणी घेऊन लेहला येत. म्हणजे हंगाम चांगला की वाईट, हे ज्याचं त्याचं काम ठरवतं.

१९७४ साली लडाख पर्यटकांना खुलं झालं. तेव्हापासून गर्दी होते ती जून ते ऑगस्टमध्ये. आता तिथल्या बाईच्या बाजूनं बघा. एप्रिल-मे सातूच्या पेरणीचा, आणि तेव्हा पाणी सर्वांत कमी, कारण वरचं बर्फ अजून वितळलेलं नसतं. म्हणून तर चेवांग नोर्फेल या अभियंत्यानं गावाजवळ बर्फ साठवायची युक्ती काढली. जर्दाळू उन्हाळ्यात पिकतात, ते वाळवायचे. ऑगस्ट-सप्टेंबरात कापणी. चार-पाच महिन्यांत वर्षाचं अन्न घरात आणायचं, आणि त्याच दिवसांत हॉटेलं पाणी उपसतात. पाणी किती जपून वापरायचं, हे ज्या बाईनं हंडा वाहिला तिला सांगावं लागत नाही.

आमचं मत विचाराल तर सप्टेंबर. आभाळ निवळलेलं, नद्या ओसरू लागलेल्या, रस्ते उघडे, गर्दी कमी, शेतात पिवळा सातू. रात्री थंडी असते, स्वेटर-शाल हवीच. विमानानं गेलात तर पहिले दोन दिवस नुसता आराम. हवा विरळ असते, डोकं दुखतं, धाप लागते. डोकेदुखी वाढली, उलट्या झाल्या तर लाजू नका, सांगा आणि खाली उतरा. रक्तदाब, दमा असेल किंवा कुणी गरोदर असेल, तर डॉक्टरला विचारल्याशिवाय तिकीट काढू नका.

उतरायचं तर गावातल्या बाईनं चालवलेल्या घरात. पैसा तिच्या हाती जातो. तिथं कोरडा संडास असेल. नाक मुरडू नका, त्याचंच खत तिच्या शेताला जातं. आंघोळ एका बादलीत उरका. आणि कापणी चालू असेल, तर तिला विचारून तासभर विळा हातात घ्या. भाषा येत नसली तरी पेंढी बांधायची रीत आपल्या हातांना ठाऊक आहे.