वीज विनियंत्रण व घरगुती वीजदर, महाराष्ट्रातील

विजेची निर्मिती, पारेषण व वितरण यांवरील शासकीय मक्तेदारी शिथिल करून हे व्यवहार स्वतंत्र कंपन्या, स्पर्धा व नियामक आयोग यांच्याकडे सोपविण्याच्या धोरणास वीज विनियंत्रण म्हणतात. हा शब्द काहीसा फसवा आहे. महाराष्ट्रात दरांवरील नियंत्रण नाहीसे झाले नाही. ते मंत्रालयाकडून आयोगाकडे गेले. पुरवठादार निवडण्याची मोकळीक प्रामुख्याने मोठ्या ग्राहकांना लाभली. घरगुती ग्राहकाच्या वाट्याला आले ते खर्चाच्या दिशेने सरकणारे दर आणि त्या दरांची जाहीर चिकित्सा.

महाराष्ट्र राज्य विद्युत् मंडळाची स्थापना १९६० मध्ये, १९४८ च्या विद्युत् पुरवठा अधिनियमानुसार झाली. दर मंडळ ठरवी. परंतु अंतिम कौल बहुधा शासनाचाच असे. उद्योग व व्यापारी ग्राहक यांच्याकडून पुरवठ्याच्या खर्चापेक्षा अधिक दर घेऊन शेतीपंप व लहान घरगुती ग्राहक यांना स्वस्त वीज दिली जाई. हीच ‘क्रॉस सबसिडी’ होय. कोल्हापूर जिल्ह्यातील हातकणंगले तालुक्यात या व्यवस्थेतील जवळजवळ सर्व घटक शेजारीशेजारी आढळतात : इचलकरंजीचे यंत्रमाग, उसाला पाणी देणारे पंप, हुपरीचे चांदीकाम, कागल–हातकणंगले औद्योगिक क्षेत्रातील कारखाने आणि या साऱ्यांवर पोट भरणाऱ्यांची घरे. यांपैकी एकाचा दर उतरला, की त्याचा भार दुसऱ्यावर किंवा शासनाच्या तिजोरीवर पडतो.

खाजगी भांडवलास वीजनिर्मिती खुली झाली ती १९९१ नंतर. एन्रॉनप्रणीत दाभोळ प्रकल्पाचा अनुभव या संदर्भात बोलका आहे. १९९३ च्या करारानुसार वीज घेतली वा न घेतली, तरी क्षमतेपोटीचा ठोक आकार मंडळाने द्यावयाचा होता. १९९५ मध्ये करार रद्द करून पुन्हा वाटाघाटी झाल्या; १९९९ मध्ये वीज मिळू लागली. उचल कमी होताच दर युनिटचा खर्च भडकला आणि २००१ मध्ये मंडळाने खरेदी थांबविली. निर्मितीत खाजगी कंपनी आली म्हणजे दर उतरतात, हा समज या प्रकरणाने खोटा ठरविला. स्पर्धेने नव्हे, तर हमीच्या कराराने ठरलेली ती किंमत होती.

१९९८ च्या केंद्रीय अधिनियमाच्या आधारे १९९९ मध्ये महाराष्ट्र विद्युत् नियामक आयोग स्थापन झाला. दरवाढीचा प्रस्ताव प्रसिद्ध करणे, त्यावर हरकती मागविणे व जाहीर सुनावणी घेणे बंधनकारक झाले. पुण्याची प्रयास, मुंबई ग्राहक पंचायत यांसारख्या संस्थांनी आकडेवारीची कसून तपासणी केली. प्रताप होगाडे यांच्या नेतृत्वाखालील महाराष्ट्र वीज ग्राहक संघटनेने इचलकरंजीहून हेच काम चालविले. मंडळ सांगत असलेल्या वीजगळतीच्या सुमारे दुप्पट गळती प्रत्यक्षात असल्याचे या प्रक्रियेत उघड झाले. मीटर नसलेल्या शेतीपंपांचा वापर फुगवून दाखविल्याने चोरी व गळती त्याखाली झाकली जात होती. प्रस्तुत लेखकाच्या मते विनियंत्रणाचा घरगुती ग्राहकास झालेला सर्वांत मोठा लाभ हाच. मात्र बिलावरील रकमेत तो दिसत नाही.

विद्युत् अधिनियम, २००३ नंतर जून २००५ मध्ये मंडळाचे विभाजन होऊन महानिर्मिती, महापारेषण व महावितरण या कंपन्या निर्माण झाल्या. त्यांची मालकी मात्र शासनाकडेच राहिली. २००६ च्या केंद्रीय दरधोरणाने सर्व वर्गांचे दर सरासरी पुरवठा-खर्चाच्या वीस टक्के वरखाली आणण्याचे उद्दिष्ट ठेवले. याचा अर्थ, ज्यांना खर्चापेक्षा स्वस्त वीज मिळत होती त्यांचे दर वाढणे ओघानेच आले. सवलत द्यावयाची असल्यास शासनाने तिची रक्कम आगाऊ भरावी, असे अधिनियमात बंधन आहे. बिलातही स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार व वीज शुल्क असे भाग पडले. पहिल्या शंभर युनिटांचा दर सर्वांत कमी व पुढील टप्प्यांचा चढता, ही पद्धत टिकून राहिली.

एक मेगावॉटहून अधिक मागणी असलेल्या ग्राहकांना २००३ च्या अधिनियमाने अन्य पुरवठादाराकडून वीज घेण्याची मुभा दिली. २०२२ च्या नियमांनी हरित विजेपुरती ही मर्यादा शंभर किलोवॉटवर आणली. असा ग्राहक गेला, की त्याच्याकडून मिळणारी क्रॉस सबसिडीही जाते. म्हणून त्याच्यावर अधिभार आकारला जातो. तो किती असावा, हा वाद वरवर कारखानदारांचा वाटतो. वस्तुतः शंभर युनिटांच्या आत राहणाऱ्या घराचा दर बराचसा त्यावर अवलंबून असतो.

घरगुती ग्राहकास प्रत्यक्ष निवड मिळाली ती मुंबई उपनगरांत. सर्वोच्च न्यायालयाच्या २००८ च्या निर्णयानंतर व आयोगाच्या २००९ च्या आदेशानुसार रिलायन्सच्याच तारांवरून टाटांची वीज घेता येऊ लागली. स्वाभाविकच अधिक वापराचे, म्हणजे अधिक दर भरणारे ग्राहक आधी निघाले आणि मागे राहिलेल्यांचा भार वाढला. आयोगाने स्थलांतरितांवर अधिभार लावला. २०१२ मध्ये तर नवे स्थलांतर तीनशे युनिटांपर्यंतच्या ग्राहकांपुरते मर्यादित केले. परदेशांतही चित्र फार वेगळे नाही. कॅलिफोर्नियात दरबंधन उठताच २००० च्या उन्हाळ्यात सॅन डिएगोतील घरगुती बिले दुपटीहून अधिक झाली. ब्रिटनने १९९९ पर्यंत घरगुती बाजार पूर्ण खुला केला, पण २०१९ मध्ये त्यास दराची कमाल मर्यादा पुन्हा घालावी लागली.

हातकणंगल्यात अशी निवड नाही. तेथे महावितरण हीच एक पुरवठादार आहे. २०२४ पासून छतावरील सौर संचांना वाढीव केंद्रीय अनुदान मिळू लागल्याने स्वतःचे छत व हाताशी भांडवल असलेल्या घरांना मात्र एक वाट उघडली आहे. ही घरे बहुधा वरच्या टप्प्यांतील असतात. इचलकरंजीतील भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या यंत्रमाग कामगारास छत आपले नसल्याने ती वाट बंद आहे, आणि जाणाऱ्यांनी सोडलेला स्थिर खर्च ज्या ग्राहकांत वाटला जाईल त्यांत तोही आहे.