यमूचं बिऱ्हाड

गटाची बैठक संपली, बचत गोळा झाली, कर्जाचे हप्ते वहीत चढले, की आम्ही अर्धा तास पुस्तक वाचतो. एकीनं मोठ्यानं वाचायचं, बाकीच्यांनी शेंगा फोडत नाहीतर गोधडीला टाके घालत ऐकायचं. गेल्या पावसाळ्यात आम्ही हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो!’ ही कादंबरी वाचायला घेतली. सव्वाशे वर्षांहून जुनी भाषा, म्हणून सुरुवातीला जरा अडखळलो. पण चार बैठका झाल्या आणि कादंबरीतली यमू आमच्यातलीच होऊन गेली.

हरिभाऊंचा जन्म 1864 सालचा, खानदेशातल्या पारोळ्याचा. 1890 साली पुण्यात ‘करमणूक’ नावाचं साप्ताहिक निघालं. हरिभाऊ त्याचे संपादक. त्यातच ही कादंबरी हप्त्याहप्त्यानं छापून आली. यमू नावाची एक विधवा आपली कहाणी स्वतः सांगते आहे, अशी तिची मांडणी आहे. सगळेजण या पुस्तकाला दुःखाची कादंबरी म्हणून ओळखतात, आणि ते खरंच आहे. पण आम्हाला वाचताना जे धरून ठेवलं ते दुःख नव्हतं. त्याच्या आधीची माया होती.

पहिली माया दादाची. यमू आणि तिचा थोरला भाऊ लहानपणी बरोबर खेळतात, भांडतात, पुन्हा एक होतात. वडील कडक, आई सोसणारी. त्या घरात या दोघांना एकमेकांचाच मोठा आधार. दादा शाळेत जाणार आणि यमूनं घरकामाला लागायचं, हे त्या काळी ठरलेलंच. तरी बहिणीला आपल्यातली म्हणून वागवणारा भाऊ तिला मिळाला.

दुसरी माया नवऱ्याची. लग्न झालं तेव्हा यमू लहान पोर. तेव्हाची रीत आज नवल वाटावी अशी होती. वडीलधाऱ्यांसमोर नवरा-बायकोनं एकमेकांशी बोलायचं नाही. बायकोनं नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, ‘स्वारी’ म्हणायचं, नाहीतर ‘इकडून’ आणि ‘तिकडून’ म्हणून वेळ मारून न्यायची. अशा घरात रघुनाथराव आपल्या बायकोशी बोलतो, तिला काय वाटतं ते विचारतो, तिला लिहा-वाचायला शिकवतो. आमच्या गटातली एकजण म्हणाली, “मला दागिना नको, असं कुणीतरी विचारणारं पाहिजे.” सगळ्या हसल्या, पण शेंगा फोडणारे हात थांबले होते.

ही गोष्ट हरिभाऊंनी हवेतून आणलेली नाही. पुण्यात खरोखरच असं घडत होतं. 1873 साली महादेव गोविंद रानडे यांचं लग्न 11 वर्षांच्या रमाबाईंशी झालं. रमाबाईंना अक्षरओळख नव्हती. रानड्यांनी त्यांना घरी शिकवायला सुरुवात केली. दिवसा घरातल्या बायका त्यावरून बोलून घ्यायच्या, टोमणे मारायच्या, आणि तरीही पुन्हा पाटी हातात घ्यायची. हे सगळं रमाबाईंनी पुढे आपल्या आठवणींत लिहिलं आहे. त्या काळच्या संसारातलं प्रेम फुलं आणि गाण्यांतून फारसं दिसत नाही, ते पाटी-पेन्सिलीतून दिसतं.

कादंबरीतले सगळ्यात सुखाचे दिवस मुंबईचे. रघुनाथराव यमूला घेऊन मुंबईला बिऱ्हाड करतो. मोठ्या घराचा धाक मागे राहतो. एका विचाराचे मित्र आणि त्यांच्या बायका यांचा घरोबा जमतो. चार माणसांत बाईनं तोंड उघडलं तरी आभाळ कोसळत नाही, हे यमूला तिथं कळतं. फार मोठं काही घडत नाही. वाचन होतं, गप्पा होतात, हसणं होतं. आम्ही ती पानं दोन बैठका पुरवून वाचली. पुढचं वाचायची कुणाची तयारी नव्हती.

सुख किती नशिबावर होतं, हे हरिभाऊंनी दुर्गीच्या गोष्टीतून दाखवलं आहे. दुर्गी यमूची बालमैत्रीण. तशीच पोर, तसंच वय, तशाच रीतीनं लावून दिलेलं लग्न. पण तिच्या वाट्याला छळणारा नवरा आला. दोघींत फरक एवढाच. यमूनं काही जास्त पुण्य केलं नव्हतं आणि दुर्गीचा काही गुन्हा नव्हता.

मग रघुनाथराव जातो. यमू पुन्हा सासरच्या मोठ्या घरात येते, आणि शंकरमामंजी तिचं बळजबरीनं केशवपन करवतात. लक्षात घ्या, ज्या 1890 साली ‘करमणूक’ निघालं, त्याच वर्षी मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं नाभिकांनी सभा घेऊन विधवांचं केशवपन करायचं नाही असं ठरवलं होतं. म्हणजे ज्यांच्या हाती वस्तरा होता ती माणसंही नको म्हणू लागली होती. यमूला मात्र त्याचा उपयोग झाला नाही.

हा भाग वाचून झाला तेव्हा कुणी बोलेना. आमच्यातल्या एका ताईचा नवरा गेल्या वर्षी गेला. ती हळूच म्हणाली, “रघुनाथरावानं तिला सगळं शिकवलं गं. पण तिच्या नावावर काय ठेवलं?”

या प्रश्नाचं उत्तर आम्ही शोधलं. खरं सांगायचं तर रघुनाथरावानं ठरवलं असतं तरी ते सोपं नव्हतं. एकत्र कुटुंबातला पुरुष गेला की त्याचा हिस्सा घरातल्या बाकीच्या पुरुषांकडे जायचा आणि विधवेला फक्त पोटगी मिळायची. 1937 च्या कायद्यानं तिला नवऱ्याचा हिस्सा मिळाला, पण तिच्या हयातीपुरता. पूर्ण मालकी मिळाली ती 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानं. मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क महाराष्ट्रात 1994 साली आणि देशभर 2005 साली आला. यमूचं सगळं सुख एका भल्या माणसाच्या जिवावर उभं होतं. तो होता तोवर ती माणूस होती, तो गेला आणि ती कुणाचीच राहिली नाही. माया खोटी नव्हती, तिच्यामागे कायद्याचा कागद नव्हता.

आता कागद आहे, तर रीत मागे राहिली आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला तो 2022 साली. म्हणजे अगदी परवा.

त्या बैठकीनंतर आम्ही ठरवलं, पुढच्या वेळी येताना प्रत्येकीनं घराचा नमुना आठचा उतारा आणायचा. आम्ही 11 जणी. उताऱ्यावर नाव निघालं तिघींचं. जिचा नवरा वारला तिच्या घराला अजून सासऱ्यांचंच नाव होतं. तिच्या वारसनोंदीचा अर्ज आम्ही गटात बसून लिहिला. खाली सही तिनं स्वतः केली. तीन वर्षांपूर्वी गटात आली तेव्हा ती अंगठा लावायची.

बाकीच्यांनी आपापल्या घरी विषय काढला. कुठे कुरकुर झाली, कुठे “आत्ताच काय घाई आहे” झालं. एकीला आम्ही विचारलं, तुझ्याकडे काय म्हणाले? ती पदर तोंडाला लावून हसायला लागली. तिच्या नवऱ्यानं ऐकून घेतलं, जेवण उरकलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सायकल काढून तो स्वतःच ग्रामपंचायतीत गेला. दोघांची नावं लावायचा अर्ज देऊन आला आणि पोचपावती तिच्या हातात ठेवली.

ती पावती तिनं आमच्यासमोर पिशवीतून काढली. घडी जपून उलगडली आणि म्हणाली, “बघा, आमचे रघुनाथराव.”