दुधावाचून मफिन

"दूध नाही, लोणी नाही, अंडं तर नाहीच, मग राहिलं काय त्यात?" दुधाशिवाय मफिन म्हटलं की आमच्याकडच्या मोठ्या बायका हमखास हे विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण या पदार्थाचा इतिहास पाहिला, तर एकेक जिन्नस सोडतच तो आपल्यापर्यंत आलेला दिसतो.

मूळचा इंग्रजी मफिन म्हणजे यीस्टने फुगवून तव्यावर भाजलेला चपटा पाव. लंडनला फेरीवाले डोक्यावर पाटी घेऊन, घंटा वाजवत तो विकत. वाटीत फुगणारा, केकसारखा मफिन अमेरिकेतला. सोडा आणि बेकिंग पावडर आल्यावर त्याला यीस्टची गरजच उरली नाही.

ही पावडर कुठून आली? बर्मिंगहॅमला आल्फ्रेड बर्ड नावाचे औषधविक्रेते होते. त्यांच्या पत्नीला अंडं सोसत नसे आणि यीस्टही. बर्डनी 1837 साली बिनअंड्याचं कस्टर्ड केलं आणि 1843 साली बेकिंग पावडर. मला हा माणूस फार आवडतो. "तुला चालत नाही ना, मग खाऊ नकोस," असं सांगून तो मोकळा झाला नाही! यीस्ट न चालणाऱ्या आपल्या कितीतरी घरांत आज केक फुगतो, तो या पावडरीमुळेच.

पुढे पहिलं महायुद्ध आलं. 1917 साली अमेरिका युद्धात उतरली, सरकारनं घरोघरी धान्य, चरबी, साखर जपून वापरायला सांगितलं. तेव्हा बायकांनी दूध, लोणी, अंड्याशिवायचा 'वॉर केक' केला. मनुका, साखर, दालचिनी, लवंग पाण्यात उकळायचं, गार करायचं, मग मैदा आणि सोडा. त्यात बहुधा डुकराची चरबी पडे, तेव्हा ती कृती आपल्याला जशीच्या तशी चालायची नाही. तेल घालावं.

आता घरातलं बोलते. हल्ली आपल्या काही मुली वासराच्या वाटणीचं नको म्हणून दूध सोडतात. मोठ्यांना ते लागतं. भगवंताच्या अभिषेकाला दूध, आणि हिला चहात चालेना! पण आपल्या बाह्य तपांत रसपरित्याग आहेच की. दूध, दही, तूप, तेल, गोड, मीठ यांतला एखादा रस सोडणाऱ्या बायका घरोघरी होत्या, त्यांना कुणी हट्टी म्हटलं नाही. हेतू वेगळा आहे, मान्य. तरी एवढ्यासाठी पोरीशी अबोला धरावा, असं मला वाटत नाही.

मी करते ते असे: तीन पिकलेली केळी कुस्करून त्यात अर्धी वाटी साखर, पाऊण वाटीला थोडं कमी तेल, चमचाभर लिंबाचा रस. दीड वाटी मैद्यात एक चमचा बेकिंग पावडर, पाव चमचा सोडा चाळून घ्यायचा. दोन्ही एकत्र केल्यावर फार घोटायचं नाही, नाहीतर मफिन चिवट होतात. लिंबू लागताच सोडा काम सुरू करतो, म्हणून ओव्हन आधीच तापलेला हवा. 180 अंशांवर वीस-पंचवीस मिनिटं. सूर्यास्ताआधी गार होऊन पोटात जायला हवेत, म्हणून मी चारलाच लावते.