कृषिधोरणाचे अर्थशास्त्रीय अध्यापन (खानदेश)

जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांत हा विषय दोन विद्यापीठांत विभागला आहे. कला-वाणिज्य महाविद्यालये जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाशी (स्था. १५ ऑगस्ट १९९०, २०१८ पासून कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव) संलग्न, धुळ्याचे कृषी महाविद्यालय (स्था. १९६०) राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे. कृषी महाविद्यालयात तो शेतव्यवस्थापन, पणन, किमती, वित्त व सहकार अशा अभ्यासक्रमांत विखुरलेला आहे.

उत्पादनखर्च : अध्यापनाचा कणा. केंद्राच्या उत्पादनखर्च-अभ्यास योजनेचे महाराष्ट्रातील काम राहुरीकडे असल्याने येथे हिशेबाला विशेष वजन आहे. ए-२ या खर्चाच्या मापात पदरचा खर्च आणि दुसऱ्याच्या जमिनीसाठी दिलेला खंड. एफएल म्हणजे घरच्या माणसांची मजुरी. सी-२ मध्ये स्वतःच्या जमिनीचा खंड व भांडवलावरील व्याजही धरतात. २०१८-१९ च्या अर्थसंकल्पातील ‘दीडपट हमीभाव’ ए-२ अधिक एफएलवर मोजला गेला; शेतकरी संघटनांची मागणी सी-२ची. योग्य पाया कोणता, यावर मतैक्य नाही.

कापूस : राज्याची एकाधिकार खरेदी योजना (कायदा १९७१, खरेदी १९७२-७३ पासून) हे खानदेशात सर्वांत बोलके उदाहरण. बाहेर भाव चढला की कापूस चोरवाटांनी मध्य प्रदेश-गुजरातेत जाई. बाहेर भाव पडला की सारा माल सरकारी केंद्रांवर येई. सीमेवरच्या जिल्ह्यातील विद्यार्थ्याला भावनियंत्रणाची मर्यादा वेगळी समजावून सांगावी लागत नाही. योजनेच्या तोट्याची जबाबदारी वादग्रस्त. २०२१ मध्ये आयात कापसावर लागलेले सुमारे ११ टक्के शुल्क एप्रिल २०२२ मध्ये काही महिन्यांसाठी माफ झाले. गिरणीमालक आणि शेतकरी यांचे हितसंबंध तपासायला हे प्रकरण सोयीचे.

केळी : रावेर-यावल पट्ट्याचे मुख्य नगदी पीक, भौगोलिक मानांकन २०१६. केंद्राच्या हमीभावाच्या यादीत नाही, त्यामुळे किंमतधोरणाच्या मांडणीत ती बाजूला पडते. भावासाठी शेतकरी बऱ्हाणपूरकडेही पाहतो. हवामानाधारित फळपीक विम्यात तापमानाच्या जोखमीची भरपाई ठरते ती हवामान केंद्रावरील नोंदीवरून, बागेतील नुकसानीवरून नव्हे. विम्याच्या अर्थशास्त्राचा याहून चांगला धडा जवळपास नाही.

क्षेत्रकार्य : ग्रामीण कृषी कार्यानुभव कार्यक्रमात ‘कृषिदूत’ व ‘कृषिकन्या’ (विद्यार्थी व विद्यार्थिनी) गावात राहतात.

२०२० चे कृषिकायदे : २०२१ मध्ये रद्द.

अन्नधोरण : पाहा राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा, २०१३, सार्वजनिक वितरण व्यवस्था.