गारेची धार : उमरखेडची लढाई आणि दोन जातींच्या बंदुका

वऱ्हाडच्या इतिहासात उमरखेडची लढाई दोन-तीन ओळींत उरकली जाते. हटकरांचा नोवसाजी नाईक निजामाच्या कवायती पलटणींशी उमरखेडला मैदानात लढला, मागे हटला आणि नोव्ह्याच्या आपल्या गढीत शिरला. मेजर पिटमनच्या फौजेने 31 जानेवारी 1819 रोजी गढी सर केली. आतल्या अरब शिबंदीपैकी चारशेहून अधिक माणसे कापली गेली. नाईकाला हैदराबादेस नेले. तिथेच तो वारला.

कवायतीपुढे बेशिस्त टिकली नाही, असा याचा अर्थ सर्रास लावतात. मला तो अपुरा वाटतो. प्रश्न बंदुकीच्या कानापाशी काय घडत होते, याचाही आहे.

अरबांची बंदूक तोड्याची. पेटती वात चापाने खाली येते, कानातल्या रंजकेला लागते आणि बार उडतो. रेसिडेंट रसेलने उभ्या केलेल्या ब्रिगेडकडे कंपनी सरकारच्या धर्तीची चकमकी बंदूक होती. आपल्याकडे तिला पथरकला म्हणत. तिच्यात वात नाही. घोड्याच्या जबड्यात गारेचा तुकडा असतो. चाप ओढला की गार समोरच्या पोलादी झडपेवर घासत उतरते, झडप उघडते आणि ठिणग्या खालच्या रंजकेत पडतात.

ऐकायला सोपे आहे, पण सगळी मदार ती गार कशी बसवली यावर. नुसती जबड्यात धरली तर ती सरकते किंवा फुटते, म्हणून तिला चामड्याची किंवा शिशाच्या पत्र्याची घडी गुंडाळून मग वरचा स्क्रू आवळायचा. धार झडपेला समांतर हवी. एकच कोपरा लागला तर ठिणग्या थोड्या पडतात आणि पोलादावर चर पडतो. घोडा अर्ध्या चापावर असताना गार मिटलेल्या झडपेच्या जवळ हवी, पण टेकता कामा नये. घोडा पूर्ण पडल्यावर धारेचा रोख रंजकेकडे हवा, नळीवर आपटायला नको. दर काही बारांनी धार बोथट होते. मग बारीक ठोके देऊन तिचे टवके काढायचे, गार थोडी पुढे घ्यायची, नाहीतर उलटी बसवायची. इंग्रजी लष्करात साधारण वीस काडतुसांमागे एक गार देत. कवायतीत ती वाया जाऊ नये म्हणून जबड्यात लाकडाचा तुकडा बसवत. (काटकसर सरकारी असली तरी शहाणपणाची!)

आता वऱ्हाडात गारगोट्यांना काय तोटा? काळ्या खडकाच्या पोकळ्यांत गार, अकीक पुष्कळ. ठिणगीही पडते. परंतु ठिणगी पाडणारा दगड म्हणजे बंदुकीची गार नव्हे. एकाच मापाचे, सपाट पाठीचे, सरळ धारेचे तुकडे हजारोंनी पाडणे हा वेगळा धंदा होता. इंग्लंडात सफोकमधल्या ब्रँडन गावचे कारागीर त्यासाठी प्रसिद्ध होते. पथरकला वापरायची म्हणजे मागे कोठार, पुरवठा आणि रोज गार तपासणारा हवालदार हवा. तोड्याला लागते सुताची दोरी आणि सोऱ्याचे पाणी. कापसाच्या मुलखात तिची काय कमतरता? नाईकांच्या माणसांनी तोडा धरून ठेवला यात मला अडाणीपणापेक्षा हिशेब अधिक दिसतो.

हिशेब चुकतो तो उघड्या मैदानात. प्रत्येकाच्या हाती पेटती वात आणि अंगावर दारू असली की माणसे खांद्याला खांदा लावून उभी राहू शकत नाहीत. गारेच्या बंदुकीने रांग दाट होते, बार लवकर भरतो आणि पुढे संगीन असते. उमरखेडला हा फरक भोवला असणार. भिंतीआड मात्र तो जवळजवळ पुसला जातो. तिथे लांब नळीची तोड्याची बंदूक नेम धरायला उत्तम. नोव्हा पाडायला तोफा आणाव्या लागल्या, त्या उगीच नव्हेत.

1840 च्या सुमारास टोपीची बंदूक आली आणि पलटणींतून गार हद्दपार होऊ लागली. खेड्यात ती आधीपासून होतीच, चिलीम ओढणाऱ्याच्या बटव्यात, पोलादाच्या तुकड्याशेजारी.