हार्ट अ‍ॅटॅकनंतर पलंग की खुर्ची?

अँजिओप्लास्टी करून घरी आलेल्या आप्पांना घरचे पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू देत नाहीत. कोल्हापुरात हे मी नेहमी पाहतो. तुमच्याही घरी असंच चाललंय का? ही भीती जुनी आहे, आणि ती आम्हा डॉक्टरांनीच घातलेली आहे.

पूर्वी हार्ट अ‍ॅटॅकनंतर रुग्णाला चार ते सहा आठवडे पलंगावर झोपवून ठेवत. हृदयाची जखम भरेपर्यंत ताण नको, हा हेतू. पण पडून राहिल्याने पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होत, त्या फुफ्फुसात जाऊन अडकत आणि काहीजण त्यानेच दगावत. १९५२ मध्ये बोस्टनचे डॉ. लेव्हाइन आणि डॉ. लाऊन यांनी ८१ रुग्णांना पहिल्याच आठवड्यात खुर्चीत बसवल्याचा अनुभव प्रसिद्ध केला. नुसती खुर्ची! पण तेव्हा तेही धाडस होतं. १९५५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर यांना अ‍ॅटॅक आला, डॉ. पॉल डडली व्हाइट यांनी त्यांना हळूहळू हिंडतं-फिरतं केलं. पुढच्या वर्षी ते निवडणूक जिंकले.

गंमत म्हणजे, इंग्लंडच्या डॉ. हेबर्डेन यांच्या १८०२ सालच्या पुस्तकात छातीत दुखणाऱ्या एका माणसाची नोंद आहे. रोज अर्धा तास लाकडं कापून तो जवळजवळ बरा झाला होता.

तुम्ही लगेच करवत शोधू नका. डॉक्टरांना विचारून आधी घरात, मग गल्लीत, मग रंकाळ्यावर चाला. चालताना बोलता आलं पाहिजे. छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर तिथंच बसा, आणि दुखणं थांबलं नाही तर १०८ ला फोन करा.