मद्यपान, ख्रिस्ती धर्मातील

ख्रिस्ती व्यक्तीने मद्यप्राशन करावे की करू नये, यासंबंधी बायबलमधील वचने, चर्चची परंपरा आणि विविध पंथांचे शिस्तनियम यांतून घडत गेलेला विचार. बायबलमध्ये मद्यावर सरसकट बंदी नाही. मद्यधुंदपणाचा मात्र निःसंदिग्ध निषेध आहे. असे असूनही महाराष्ट्रातील अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्यांत मद्यत्याग हा ख्रिस्ती आचाराचा भाग मानला गेला. धर्मग्रंथ व आचार यांतील हे अंतर कसे पडले, हे अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्यातील मिशनकार्याच्या इतिहासावरून चांगले समजते.

बायबलमधील उल्लेख : जुन्या करारात द्राक्षांच्या मद्यास ‘यायिन’, नव्या रसास ‘तीरोश’ व अन्य तीव्र पेयांस ‘शेखार’ हे हिब्रू शब्द येतात. स्तोत्रसंहितेत (१०४ : १५) द्राक्षारसाची गणना ईश्वराच्या देणग्यांत केली आहे, तर अनुवाद (१४ : २६) या ग्रंथात सणाच्या भोजनासाठी तो विकत घेण्यास मुभा आहे. दुसऱ्या बाजूस नोहाची फजिती (उत्पत्ती ९ : २०–२१) व नीतिसूत्रांतील मद्यपीचे वर्णन (२३ : २९–३५) हे मद्याच्या दुष्परिणामांचे दाखले होत. संपूर्ण वर्ज्यता सांगितली आहे ती विशिष्ट व्यक्तींना व विशिष्ट प्रसंगी : सेवेत असताना याजकांना (लेवीय १० : ९) आणि व्रतस्थ नाजीरांना (गणना ६ : ३). रेखाबी घराण्याने ती पूर्वजाच्या आज्ञेवरून पाळली (यिर्मया ३५). यावरून इतरांना ती लागू नव्हती, हे उघड होते.

नव्या करारात येशूने काना गावच्या लग्नात पाण्याचा द्राक्षारस केल्याची कथा आहे (योहान २ : १–११). योहान बाप्तिस्मा करणारा द्राक्षारस घेत नसे व येशू घेत असे, हा भेदही लूकने नोंदविला आहे (७ : ३३–३४). करिंथ येथे प्रभुभोजनाच्या वेळी काही जण मद्यधुंद होत. पौलाने त्यांची कडक कानउघाडणी केली, परंतु प्याला बंद केला नाही (१ करिंथ ११ : २१). त्याने मद्यधुंदपणा निषिद्ध ठरविला (इफिस ५ : १८) आणि आपल्या खाण्यापिण्यामुळे दुसरा अडखळत असेल, तर मांस व द्राक्षारस वर्ज्य करणे चांगले, असे सांगितले (रोम १४ : २१). तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात मंडळीच्या अधिकाऱ्यांनी मद्यासक्त नसावे अशी अट आहे (३ : ३, ८) आणि त्याच पत्रात पोटाच्या विकारासाठी थोडा द्राक्षारस घेण्याचा सल्लाही आहे (५ : २३).

भाषांतराचा प्रश्न : मराठी बायबलमध्ये ‘यायिन’ व ग्रीक ‘ओइनॉस’ यांसाठी ‘द्राक्षारस’ हा शब्द रूढ झाला. शब्दशः त्याचा अर्थ द्राक्षांचा रस एवढाच होतो. तो आंबविलेला की ताजा, हे त्यावरून कळत नाही. त्यामुळे मराठी वाचकाला पवित्र भोजनातील द्राक्षारस आणि गावातील दारू या दोन वेगळ्या वस्तू वाटणे स्वाभाविक होते. करिंथकरांच्या प्रसंगावरून मात्र तो मादक होऊ शकत असे, हे स्पष्ट होते.

चर्चची परंपरा : प्याल्यात द्राक्षारसाऐवजी केवळ पाणी वापरण्याची प्रथा तिसऱ्या शतकात कार्थेजचा बिशप सिप्रियन याने अमान्य केली. रोमन कॅथलिक व ऑर्थोडॉक्स चर्चनी द्राक्षमद्याचा उपयोग कायम ठेवला आणि ल्यूथर व कॅल्व्हिन यांनीही त्यास विरोध केला नाही. संपूर्ण मद्यत्यागाची चळवळ ही मुख्यतः एकोणिसाव्या शतकातील होय. बॉस्टन येथे १८२६ मध्ये अमेरिकन टेम्परन्स सोसायटी स्थापन झाली. प्रारंभी तिचा रोख ऊर्ध्वपातित मद्यांवर होता. १८३६ च्या सुमारास चळवळीने द्राक्षमद्यासह सर्वच मादक पेयांचा त्याग पुरस्कारिला. बायबलमधील प्रशंसित द्राक्षारस आंबविलेला नसावा, हे मतही याच काळात पुढे आले. अँडोव्हर येथील धर्मविद्यालयाचे मोझेस स्टुअर्ट (१७८०–१८५२) हे त्याचे एक पुरस्कर्ते होते. भाषाशास्त्रीय दृष्ट्या ते बहुतेक विद्वानांस मान्य झाले नाही. टॉमस वेल्च याने १८६९ मध्ये द्राक्षांचा रस न आंबता टिकविण्याची रीत प्रभुभोजनासाठी वापरात आणल्यावर मद्यविरहित प्याला व्यवहार्य झाला.

अहमदनगर जिल्हा : अमेरिकन मराठी मिशनने अहमदनगर येथे आपले केंद्र डिसेंबर १८३१ मध्ये, म्हणजे या चळवळीच्या ऐन भरात उघडले. मिशनची मातृसंस्था बॉस्टनचीच व तिच्या अनेक मिशनऱ्यांचे शिक्षण अँडोव्हरचे होते. साहजिकच न्यू इंग्लंडमधील मद्यत्यागाचा आदर्श येथे आला. मिशनने १८४२ मध्ये अहमदनगर येथे सुरू केलेले ज्ञानोदय हे नियतकालिक धर्मप्रसाराबरोबर समाजसुधारणेचेही साधन होते.

हा आदर्श केवळ बाहेरून लादला गेला, असे मात्र म्हणता येत नाही. जिल्ह्यातील धर्मांतरित बहुसंख्येने महार व मांग समाजांतील होते. त्यांच्या दृष्टीने दारू म्हणजे काना गावचा द्राक्षारस नव्हता. ती कर्ज, उपासमार व घरातील मारहाण यांच्याशी जोडलेली होती. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानंतर दारूचे उत्पादन व विक्री यांवर सरकारचे नियंत्रण वाढले आणि सरकारी महसुलात तिचे महत्त्वही वाढले. जोतीराव फुले यांनी १८८० मध्ये पुणे नगरपालिकेकडे दारूच्या गुत्त्यांच्या वाढीविरुद्ध तक्रार केली, ती याच पार्श्वभूमीवर. ख्रिस्ती म्हणविणारे सरकार दारूवर महसूल मिळविते, ही विसंगती मिशनऱ्यांना अडचणीची होती. मद्यत्यागाला येथे रोमकरांस पत्रातील तत्त्वाचा आधार अधिक समर्पक ठरतो : वस्तू निषिद्ध नसली, तरी दुर्बल बंधूसाठी ती सोडावी.

जिल्ह्यातील सर्व ख्रिस्ती या बाबतीत एकमताचे नव्हते. १८७३ पासून येथे कार्य करणाऱ्या अँग्लिकन एस. पी. जी. मिशनच्या उपासनेत आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जिल्ह्यात स्थिरावलेल्या कॅथलिक मिशनच्या मिस्सामध्ये द्राक्षमद्याला स्थान होते. याउलट १८८२ मध्ये भारतात आलेल्या व पुढे अहमदनगर येथे रुग्णालय चालविणाऱ्या मुक्तिफौजेने (साल्व्हेशन आर्मी) आपल्या सैनिकांना संपूर्ण मद्यत्यागाची प्रतिज्ञा घालून दिली. ती प्रभुभोजनाचा विधी पाळत नसल्यामुळे प्याल्याचा प्रश्न तिच्यापुढे उद्भवला नाही.

मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९ मध्ये धार्मिक विधीतील मद्यासाठी सवलतीची तरतूद करण्यात आली. पुढे २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे उत्तर भारतीय चर्चची स्थापना होऊन अमेरिकन मिशनच्या व अँग्लिकन परंपरेच्या मंडळ्या एका संघटनेत आल्या. ज्यांच्या प्याल्याची परंपरा भिन्न होती, ते एकाच मेजाभोवती जमू लागले. भारतातील अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्यांत न आंबविलेला द्राक्षरस किंवा मनुकांचा रस वापरतात. कॅथलिक धर्मविधीत मात्र १९८३ च्या धर्मसंहितेनुसार द्राक्षांपासून केलेले नैसर्गिक मद्य आवश्यक असते.

पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी येथे १९७५ नंतर झालेल्या दारूबंदीचा आधार ख्रिस्ती धर्मशास्त्र नव्हता. तथापि त्यामागील सामाजिक अनुभव, म्हणजे दारूने होणारी कुटुंबाची व गावाची हानी, हा मिशनच्या मद्यत्यागामागील अनुभवाशी मिळताजुळता आहे. बायबलची आज्ञा म्हणून संपूर्ण मद्यनिषेध सिद्ध करता येत नाही. परंतु शेजाऱ्याच्या हितासाठी स्वेच्छेने स्वीकारलेला संयम म्हणून त्यास बायबलचा भक्कम आधार आहे.